तुळशीराम मास्तरांची पहिली पंगत

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. मान कुणाचा? खुर्चीचा, की माणसाचा?

लगेच माना डोलवू नका! ‘माणसाचा बुवा, माणसाचा!’ असं तोंडानं सगळेच म्हणतात. मग ही पुढची सोफ्यांची रांग कुणासाठी मांडलीय? हां... आता कसे हसलात! असू द्या, बसा निवांत. मी भांडायला नाही आलो, गोष्ट सांगायला आलोय. ऐका!

कऱ्हाडच्या अलीकडं एक गाव. तिथं तुळशीराम वायदंडे राहायचे. ब्रास बँडचे मास्तर! क्लॅरिनेट वाजवायचे. वाजवायचे म्हणजे कसं? नवरी निघताना मास्तरांनी सूर लावला की नवरीची आई रडायचीच, पण नवऱ्याकडची माणसंही डोळे पुसायची! अहो, ज्यांच्या घरातलं काही जात नव्हतं, उलट येत होतं, तीसुद्धा!

पंचक्रोशीत असं घर नाही, ज्याच्या दारात मास्तरांनी वाजवलं नाही. आणि असं एक लग्न नाही, जिथं मास्तर पहिल्या पंगतीला जेवले! बँडवाल्यांची पंगत शेवटची. वऱ्हाड जेवायचं, गाव जेवायचं, ड्रायव्हर जेवायचे, मग कुणाला तरी आठवायचं — ‘अरे, ते वाजवणारे राहिले की!’ तोवर काय उरायचं? भात उरायचा, पातळ आमटी उरायची. जिलबी? जिलबी संपलेली! सकाळपासून कढईतला वास मास्तरांच्या नाकात, आणि तोंडात? तोंडात क्लॅरिनेट! कधी कुणी ‘मास्तर, अजून एक घ्या, माझी शपथ आहे’ म्हणून आग्रह केला नाही. मास्तर तक्रार करायचे नाहीत. पण मंडळी, तक्रार केली नाही म्हणजे लागलं नाही, असं असतं का?

आता या मास्तरांची लेक, उज्ज्वला. बापानं सूर फुंकून फुंकून शिकवली. आणि झाली काय? एसटीत कंडक्टर! हसू नका — ज्या बाईला भरल्या गाडीत ‘पुढं सरका’ म्हणायचा अधिकार आहे, ती काय साधी बाई आहे? इथं तुमची सून तुम्हाला म्हणते का, पुढं सरका?... म्हणते? बरं बरं. मागून आवाज आला.

तर उज्ज्वलाचा पहिला पगार झाला. आली घरी, म्हणाली, “आबा, इस्त्रीची कापडं घाला. रविवारी आपुन हाटेलात जेवायचं.”

“अगं, घरात भाकरी हाय की!”

“भाकरी रोज हाय. रविवारी जिलबी हाय. अन् पंगत पैली हाय!”

रविवारी दुपारी बापलेक हायवेच्या हॉटेलात शिरले. मधलं मोठं टेबल, पांढरं कापड, डोक्यावर पंखा. मास्तर खुर्चीवर बसले ते कसे? टोकावर! कुणी ऊठ म्हणालं तर पटकन उठता यावं म्हणून. आयुष्यभराची सवय हो! लेक म्हणाली, “आबा, मागं रेलून बसा.” तेव्हा कुठं पाठ टेकली. आणि ताटाआधी आली — केशरी, गरम, पाक गळणारी जिलबी! मोठी बशी भरून! मास्तर बघतच राहिले.

हात पुढं गेला... आणि दार उघडलं!

कोण आलं? आमदार बजरंगराव डुबल! दोन्ही अंगांना कार्यकर्ते. एकाच्या डोळ्यावर गॉगल. हॉटेलात गॉगल! भाजीत काय पडलंय ते तरी दिसायचं का त्याला?

आता मंडळी, इथं घात झाला. बँडवाल्याचं अंग कसं असतं? पुढारी दिसला की उठायचं आणि सूर लावायचा. आमदार दिसले आणि मास्तर ताडकन उभे राहिले! बोटं हवेतच क्लॅरिनेट शोधायला लागली. मनात काही नव्हतं हो, नुसती सवय. पण गॉगलवाल्याला वाटलं, म्हाताऱ्यानं जागा सोडली! त्यानं खुर्ची ओढली, रुमालानं पुसली.

“या साहेब, टेबल मोकळं झालं!”

मॅनेजर पळत आला. “मास्तर, तुमी तिकडं बसा की. बेसिनच्या बाजूला एक टेबल हाय.”

आणि मास्तर काय म्हणाले? “बरं.” एवढंच! जिलबीची बशी उचलली, आणि निघाले. शेवटच्या पंगतीला निघाले हो! लेकीच्या पगाराच्या जेवणाला!

उज्ज्वला बसलेलीच. जागची हलली नाही.

“आबा, बशी खाली ठेवा.” मग मॅनेजरकडं वळली. “आबा उठलं ते मान द्यायला. जागा द्यायला न्हाई!”

आजूबाजूची माणसं माना वळवून बघायला लागली. आणि मास्तर? बशी हातात, पाय मधेच. आमदारांच्या मिरवणुकीचं काम हातचं गेलं तर? त्याचं एक वेळ सोडा — पोरीची नवी नोकरी! कुणी लांबच्या डेपोत फेकली तर? ‘चल पोरी, कशाला...’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

पण त्यांनी लेकीकडं बघितलं. ती आमदारांकडं बघत नव्हती. बापाकडं बघत होती! आज हा माणूस उठून गेला, तर आपण पुन्हा त्याला कधीच बसवू शकणार नाही — हे तिच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं.

मंडळी, मास्तरांनी बशी टेबलावर ठेवली. गॉगलवाल्याच्या हातातली खुर्ची स्वतःकडं ओढून घेतली. बसले. टोकावर नाही — मागं रेलून! आणि म्हणाले काय?

“साहेब, उभं का? या की. माज्या लेकीचं जेवण हाय. आमच्यासंगं बसा.”

वा रे वा! ज्याला कधी कुणी बोलावलं नाही, तो आमदाराला बोलावतो!

उज्ज्वला हसली. म्हणाली, “बसा साहेब. आमच्या गाडीत आमदारांची शीट रोज राखून ठेवतो आमी. तुमी एकदाबी येत न्हाई. आज इथं तरी बसा!”

खरंय की नाही? एसटीत पाटी असते ना? आणि त्या पाटीखाली कोण बसलेलं असतं? कोथिंबिरीची पाटी घेऊन मावशी!

आमदार हसले. माणूस मूळचा वाईट नव्हता. भोवतीच्या गर्दीनं त्याला माणसं दिसत नव्हती, एवढंच. गॉगलवाल्याला म्हणाले, “तुमी बसा बेसिनच्या बाजूला.” आणि स्वतः खुर्ची ओढून बसले. मास्तरांकडं निरखून बघितलं.

“मास्तर, माज्या लग्नात तुमीच वाजवलं न्हवं?”

“व्हय साहेब.”

“जेवला हुता का?”

मास्तर खोटं बोलले नाहीत, आणि कुरकुरलेही नाहीत. “भात मिळाला, साहेब. जिलबी संपली हुती.”

आमदारांनी खुर्ची मास्तरांकडं सरकवली.

मास्तरांनीच बशी पुढं केली. आपल्या हातानं वाढली. “घ्या.” आमदार म्हणाले, “नको, डॉक्टरनं साखर बंद केलीय.” मास्तर सोडतात होय? “अर्धी तरी! लेकीच्या पैल्या पगाराची हाय. माजी शपथ!” अहो, जो आग्रह ऐकायला कान आसुसले होते, तो स्वतःच्या तोंडून निघाला! आमदारांनी खाल्ली. अर्धी नाही, अख्खी!

मग आमदार उठून उभे राहिले. बशीतली मोठ्यात मोठी जिलबी उचलली आणि मास्तरांच्या हातावर ठेवली.

“मास्तर, ही माज्या लग्नातली. लई उशीर झाला. पर घ्या.”

मास्तर रडले असतील, असं वाटतंय ना तुम्हाला? अजिबात नाही! ताठ बसले, लेकीकडं बघितलं, आणि सावकाश खाल्ली. बोटाला लागलेला पाकसुद्धा सोडला नाही. आणि ती कंडक्टरीण? भरल्या गाडीत जिचा आवाज कधी बसला नाही, ती पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसली. असला बाप, असली लेक! अशी माणसं आपल्या मातीत निपजतात, याचा मला अभिमान वाटतो, मंडळी!

आता गोष्ट संपली, आणि माझं काम सुरू झालं. आज काल्याची पंगत आहे. बुंदीचा वास मलाही येतोय, मीही माणूस आहे! पण सकाळी ज्यांनी ताशा वाजवत पालखी आणली, ती मंडळी कुठं आहेत? बघा मागं वळून. तिकडं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपाशी उभी आहेत. सकाळपासून उभी आहेत. जेवायला शेवटी बोलवू, असं ठरलं असेल ना?

आज तसं चालणार नाही! पहिलं पान त्यांचं. वाढायला कोण? हे सोफ्यावरचे सगळे! सरपंच, तुम्ही बुंदी घ्या. चेअरमन, तुम्ही मठ्ठा. आणि नुसतं वाढायचं नाही, शपथ घालून आग्रह करायचा! त्यांचं पोट भरल्याशिवाय हा बुवा पानावर बसणार नाही.

चला, गजर करू. पण बसल्या जागी नको. सगळे उभे राहा, मधून वाट करा, आणि त्यांना नावानं हाक मारून पुढं बोलवा... नावं ठाऊक आहेत ना?