केस येईस्तोर

एकोणीसशे एकसष्ट साल असेल. मारेगावच्या मोटार थांब्यावर आमच्या मुकुटबनची तानाबाई एका तरण्या बंजारणीशी बोलत होती. मी पाठमोरा बसलो होतो.

"मालक कधी गेला वं बाई तुया?"

"जित्ता हाये माय."

"मंग केसातली चांदीची घुगरी कुठी? तुमच्यात नवरा मेल्यावरच उतरवतात ना?"

"केसच नाही, तं बांधू कायले? मुदतीच्या तापानं दोन महिने दवाखान्यात होतो. सारे कंगव्यासंगं निघून आले."

"येतात वं! माह्या बेबीचे गेलते, आता घोडीच्या शेपटीवाणी हायेत."

"डाक्टर म्हणे, सा महिने लागतीन."

"तवरोक घुगरी ओढणीले शिवून टाक."

"सासूनं नेली. दवाखान्यात चोरीले जाईन म्हणे. काल मालकाच्या हाती निरोप धाडला, घुगरीवाचून तांड्यात आली तं तुया मालकाचं वाईट होईन. केस आले का ये."

"अन् मालक काय म्हणे?"

"खाली पाहून निरोप सांगतला अन् गेला."

"मंग आता कुठी चालली?"

"मोटारी पाहून राह्यलो."

"माही मोटार लागली पाय. चाल, माह्या घरी राय केस येईस्तोर."

"लोकं पुसतीन, हे कोण?"

"सांगीन, लेकीवाणी हाये."

"अन् मालक कुठी हाये म्हणतीन, तं?"

मोटारीत माझ्यापुढं बसलेल्या तानाबाईनं शेजारची जागा धरायला आपलं गाठोडं ठेवलं. बंजारण थांब्यावरच राहिली. मोटार हालल्यावर तानाबाईनं ते उचलून मांडीवर घेतलं.