कारभाऱ्याशी अबोला

मेयो परगण्यातल्या गिरणीपुढच्या रांगेत विनिफ्रेड ओटचं पोतं घेऊन उभी होती. तिच्यापुढे साबिना आणि तिची शेजारीण ऑनोरा यांची कुजबुज चालली होती. कुजबुज कसली, नदीपलीकडे ऐकू जात होती.

“जमीनदाराच्या कारभाऱ्यानं तीन कुळं घराबाहेर काढली, म्हणून आपल्या कुळांच्या लीगनं ठरवलं ना, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही?”

“ठरवलं की, ऑनोरा.”

“मग तुझा नवरा फेस्टस त्याच्या घरी अर्धा तास काय करत होता?”

“कळवायला गेला होता.”

“काय?”

“की आम्ही तुझ्याशी बोलत नाही.”

“अर्धा तास?”

“त्या मेल्याला पटेचना! कारण विचारलं. यानं तिन्ही घरांची हकिगत सांगितली. मग त्यानं खुर्ची दिली.”

“आणि हा बसला?”

“उभ्यानं चहा कसा पिणार?”

“साबिना! रविवारी ठराव येतोय. फेस्टसशीही कुणी बोलायचं नाही, तुमच्या शेतावर कुणी जायचं नाही.”

“अगं बाई! माझे बटाटे अजून जमिनीत आहेत. त्या एकट्याच्यानं निघतील का? कुजले तर पोरं खातील काय?”

“रडू नकोस. म्हणून तर शनिवारी लीगची सगळी कमिटी तुझ्याकडे येतेय.”

“बटाटे काढायला?”

“मग काय नाचायला?”

“आणि ठराव मांडणार कोण?”

“माझा नवरा. शनिवारी सगळ्यांच्या आधी फावडं घेऊन हजर असेल. फेस्टसला म्हणावं, काय बोलायचं ते तेव्हाच बोलून घे.”