शांत स्वभावाचा माणूस

फुलंब्रीच्या एसटीच्या रांगेत आमरीनच्या पुढं एक नवरा-बायको उभे होते. नवरा लई तापला होता.

"सर्व्हेला आलेल्या कॉलेजच्या पोरीनं माझा स्वभाव इचारला. मी सांगितलं, घरात-बाहेर मी सारखाच, शांत! मग परत तुला कशाला इचारायचं?"

"इचारलं तर काय झालं?"

"माझ्या तोंडचं खोटं, आन् बायकोच्या तोंडचं खरं व्हय? माझा स्वभाव माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?"

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला.

"जी साहेब... नाय नाय साहेब, चुकी माझीच."

कोण इतकं मऊ बोलतंय म्हणून आमरीननं इकडंतिकडं पाहिलं.

मोबाइल खिशात गेला. "बोल की! काय सांगितलंस तिला?"

"काय नाय. ती म्हणली, शांत हायेत का? मी म्हणलं, कुणापुढं?"