बर्फावरच्या हॉकीत आमी हरलो न्हाई

हसा, हसा! तुमची काय चूक हाय त्यात? हिंगोली जिल्ह्यातला मानूस बर्फावरची हॉकी खेळत व्हता म्हनल्यावर मलाबी हसू येतं, पन तुमाला सांगतो, कोरोनाच्या त्या अख्ख्या सालात, सीझन म्हनतात ना त्याला, त्या सीझनमधी आमी एकबी मॅच हरलो न्हाई! एकबी! आन् तिथंच तं वाटोळं झालं माझं... न्हाई न्हाई, गंमत करून न्हाई राहिलो, जिंकून जिंकून वाटोळं झालं!

आता बर्फावरची हॉकीच काहून, असं तुमी इचारताल. बराबर हाय. मी प्रेमदास राठोड, तांड्यावरचा, बाप बाबूसिंग, घरी तीन एकर, आन् पोलीस भरतीत दोन बारीला एकेका मार्कानं घरी आलेलो. एका मार्कानं! धा मार्कानं पडलेल्याला लोक शिव्या देतात आन् इसरून जातात हो, एका मार्कानं पडलेल्याची कीव करतात, दर लग्नात, दर पंगतीत, भाताचं ताट हातात देऊन, "हाच का तो एका मार्कवाला? अरारा..." आता तुमीच सांगा, तो भात उतरंन का घशाखाली?

मंग आमच्या कालेजातले खेळाचे सर, किसनराव सर, त्यांनी मला बाजूला घेतलं. सरांचं बोलनं असं, की कानात गुपित सांगतात आन् ते गेटवरच्या शिपायाला ऐकू जातं. "प्रेमदास! खेळाडूला भरतीत पाच टक्के जागा राखीव हायत! राज्यावर नंबर आला की सर्टिफिकेट, सर्टिफिकेट आलं की वर्दी!" मी म्हनलं, सर, मी कबड्डी खेळतो की. तं सर म्हनले, "येडा हायेस का? कबड्डीच्या टीमा गावोगाव हायत, खो-खोच्या गल्लोगल्ली हायत, तुला तालुक्यातच उचलून आपटतेल. ज्या खेळाच्या टीमाच न्हाईत, तो खेळ खेळायचा!" आन् मोबाइल काढून दाखवला... बर्फ, बर्फावर दांडगे दांडगे गडी, पायात पात्याचे बूट, हातात वाकड्या काठ्या, आन् एकमेकाला अशे धडकून राहिले की मी म्हनलं, सर, हे तं भांडन हाय, खेळ कुठं हाय यात?

बरं, बर्फ कुठून आनायचा? आमच्याकडं बर्फ दोन जागी, एक रसवंतीवर आन् दुसरा सिद्धेश्वरच्या धरनावर मासळीच्या खोक्यात. बस! पन सर मागं हटनारे न्हाईत. आठ पोरं जमवली. हट्टा गावचा स्वप्निल कॅप्टन झाला, काहून, तं त्याच्याकडं स्वतःची शिट्टी व्हती. मी गोलकीपर, काहून, तं सर म्हनले, "तुला पळायचं काम न्हाई, नुसतं आडवं यायचं, अन् ते तुला घरीबी जमतं." वर्गनी करून चाकाचे स्केटिंगचे बूट आनले. चार जोड. आठ पोरं, चार जोड, मंग काय करायचं? एकेकाच्या वाट्याला एकेक बूट! चार पोरांना डावा, चार पोरांना उजवा. डावेवाले सगळे एकीकडं वळायचे, उजवेवाले दुसरीकडं, आन् मधी धडाम!

आन् तेवढ्यात लागला लॉकडाऊन. कालेज बंद, मोंढ्याचा बाजार बंद, सगळं बंद. सर म्हनले, "हीच संधी!" मोंढ्यात हळद टाकायची ती शिमिटाची मोठी मोकळी जागा, एरवी तिथं पाय ठेवाया जागा न्हाई, आता रिकामी पडलेली. सकाळी सकाळी आमी तिथं. तोंडाला मास्क, डोक्यावर मोटारसायकलीचं हेल्मेट, पायाला गोदडीचे तुकडे बांधलेले, हातात सुतारानं करून दिलेल्या बाभळीच्या काठ्या, आन् त्या खेळात चकती असती ना चकती, ती टॅक्टरच्या जुन्या टायरातून कापलेली. तिसऱ्या दिवशी जमादार आले. मोटारसायकल थांबवली, आमाला खालून वरतून पाहिलं. "कोन रे तुमी? काठ्या घेऊन कोनाला मारायला चालले?" स्वप्निल म्हनला, साहेब, आइस हॉकीची प्रॅक्टिस चालू हाय. जमादार म्हनले, "अस्सं? काठी तं माझ्याकडंबी हाय, आता मी खेळतो, कोन कोन येता?" पळालो की हो! पन एका पायात चाक असल्यावर पळनं म्हंजे काय तकलीफ असती तुमाला सांगतो, उजवा पाय पुढं जाऊन औंढ्याच्या रस्त्याला लागतो आन् डावा म्हनतो, थांब मी आलो... ज्या खात्यात भरती व्हायचं त्याच खात्यासमोर असा पळालो मी!

आन् मे महिन्यात सर म्हनले, पोरांना बर्फाचा सराव पाहिजे. धरनावरच्या मासळीवाल्याकडून एक लादी आनली, पोत्यात गुंडाळून, भुशात घालून. बेचाळीसचं ऊन! सर म्हनले, "एकेकानं बारीबारीनं उभं राहायचं, पायाला सवय झाली पाहिजे." पयला राह्यला उभा, दुसरा राह्यला, तिसऱ्याला निम्मी लादी, माझा नंबर सातवा. मी चिखलात उभा राह्यलो. आठव्याला सर म्हनले, तू नुसता वास घे. वास कशाचा, तं मरळीचा! घरी गेलो तं माझी याडी, म्हंजे आई, मिराबाई, दारातच, "काहून रे, खेळायला गेलता का मासे धरायला?" पन सांगतो, रोज आंगावरच्या खरचटलेल्यावर हळद तिनंच लावली. मी पिवळा, माझी टीम पिवळी. गावातनं आमी आठजन निघालो की लोक इचारायचे, सामुदायिक विवाह हाय का?

मंग सीझन चालू झाला. जिल्ह्याची फेरी: दुसरी टीमच न्हाई. जिंकलो! विभागाची फेरी: समोरच्या टीमचं गाव पत्रे ठोकून बंद केलेलं. जिंकलो! त्याच्या पुढची फेरी: त्यांच्या कालेजातच क्वारंटाइन सेंटर, टीमच्या कपड्याच्या खोलीत खाटा टाकलेल्या. जिंकलो! घरी बसून, बाजंवर झोपून, हरभरे सोलता सोलता आमी जिंकून राहिलो हो! सरांचा फोन यायचा, "प्रेमदास, अभिनंदन," मी म्हनायचो, कोन्ती मॅच सर, सर म्हनायचे, "आत्ता चालू व्हती ती!" आन् माझा बाप? बाबूसिंग राठोड? त्यानं सगळ्या तांड्याला सांगितलं, फलक लावला, "बर्फावरचा वाघ". "माझं पोरगं एकबी मॅच हरलं न्हाई!" लोक म्हनायचे, व्हय का? एका मार्कवाला का? तं बाप म्हनायचा, "तो हिशेब आता इसरा."

आन् मी सर्टिफिकेटचं इचारायला खेळाच्या हापिसात गेलो. तिथं एक मॅडम, लई गोड बोलनाऱ्या, गोड बोलून मानसाला मातीत घालनाऱ्या. फाइल पाहिली. "छान! सगळे सामने जिंकलात! पण हे सगळे वॉकओव्हर आहेत ना... भरतीसाठी किमान एक सामना प्रत्यक्ष खेळलेला लागतो." मी म्हनलं, मॅडम, जिंकला का हरला? त्या म्हनल्या, "ते काही नाही, हरलात तरी चालेल. खेळलेला हवा." तुमाला सांगतो, मी तिथंच बोटावर मॅची मोजल्या. फायनल तेवढी राहिली व्हती. समोरची टीम आली न्हाई तं आमी राज्याचे चॅम्पियन, आन् माझी भरती गेली. तिसऱ्या बारीला गेली!

सरांनी समोरच्या टीमच्या सरांना फोन लावला. मी बाजूला. सर, ज्यांनी जलमात कोनाला इनंती केली न्हाई, ते सर, "या हो सर! हरवा आमाला! तुमच्या पाया पडतो, येऊन हरवून जा!" तिकडून आवाज, "अहो, आमच्या दोन मुलांना वास येत नाही." आमचे सर म्हनले, "वासाचं काय काम हाय हो खेळात?" ... शेवटी त्यांनी दोन पोरं बदलली आन् यायला तयार झाले. मी त्या दिवशी मारुतीला नारळ फोडला. देवा, आमाला हरव!

फेब्रुवारीत गेलो. मोठ्या शहरात एक मॉल, मॉलात खाली बर्फ. खरा बर्फ! एवढा मोठा, गुळगुळीत, आन् मरळीचा वास न्हाई. दारात नाकात कांड्या घालून तपासनी, डाक्टरानं आमचे पिवळे हात पाहून इचारलं, कावीळ झाली का? मंग तिथले पात्याचे बूट घातले, आयुष्यात पयल्यांदा दोनी पायात दोन बूट! आन् बर्फावर पाय ठेवला की... हेऽऽऽ! मी हिकडं, काठी तिकडं, हेल्मेट त्याच्याबी पुढं. पाच पोरं कठड्याला धरून उभी, शाळेत पयल्या दिवशी लेकरू दाराला धरून राहातं ना, तशी. मी गोलाच्या खांबाला मिठी मारली. समोरची पोरं? लहानपनापासून स्केटिंगवाली! सुईंऽऽ करून यायची, गोल करायची, सुईंऽऽ करून जायची. एक, दोन, पाच. सहाव्या टायमाला त्यांचा कॅप्टन माझ्याजवळ येऊन म्हनतो, "दादा, जरा बाजूला सरका ना, लागेल तुम्हाला." मी म्हनलं, भाऊ, सरकता येत असतं तं गोल आडवला असता!

पन पोरगं चांगलं व्हतं हो. खेळ थांबला व्हता तवा माझ्याकडं आलं, म्हनलं, "गुडघे वाकवा, खाली नका बघू, समोर बघा." वाकवले मी गुडघे. आन् उभा राह्यलो! खांब सोडून! आन् सतरा गोल झाल्यावर अठरावी चकती आली ती मी आडवली, छातीनं, आसा ठोका बसला की डोळ्यापुढं काजवे, पन आडवली! खोटं काहून सांगू, तवा मला भरती आठवली न्हाई, सर्टिफिकेट आठवलं न्हाई. मला खेळ आवडला. लई आवडला. बाहेरून किसनराव सर वरडून राहिले, "शाब्बास! लई छान हरून राहिले! आसंच चालू ठेवा!" भोंगा वाजला, सतरा-शून्य, आन् आमी आठजन गळ्यात गळे घालून रडलो, सगळे एकदमच खाली पडलो, सरांनी समोरच्या टीमला पेढे वाटले, आन् ती बिचारी पोरं एकमेकाला इचारून राहिली, जिंकलं कोन?

बापाला फोन केला. म्हनलं, बा, हरलो. अख्ख्या तांड्यात फलक लावलेला मानूस तो! म्हनला, "कितीनं?" सतरानं. "लागलं का कुठं?" छातीला लागलं. "खेळला ना पन? मंग झालं. ये घरी." तुमाला सांगतो, माझा बाप माझ्या जिंकन्यावर लई बोलला, पन ते हरल्यावरचं बोलनं माझ्या ध्यानात राह्यलं.

घरी आलो. दोन दिवसानं सरांचा फोन. आवाज कसा, तं खरंच गुपित सांगितल्यासारखा. मी म्हनलं, सर, मोठ्यानं बोला, ऐकू येईना. सर म्हनले, "त्यांच्या कॅप्टनचा रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह हाय." अरारा, चांगलं पोरगं, बरं हाय ना? "बरं हाय, त्याला काही न्हाई झालं. पन नियम हाय, प्रेमदास. टीमात एक जरी पॉझिटिव्ह निघाला तं ती टीम बाद, अन् सामना झालाच न्हाई आसं धरायचं." मंग? मंग काय सर? "मंग... अभिनंदन. आपन चॅम्पियन."

चौदा दिवस आमी आठजन शाळेच्या एका खोलीत, चॅम्पियन! बाहेर बाप नवा फलक लावून राहिलेला, आन् आतमधी मी भिंतीकडं तोंड करून. सुटलो तसा पयला त्या हापिसात. सर्टिफिकेट तयार, सोनेरी शिक्का, इजेता म्हनून माझं नाव, आन् खाली बारीक अक्षरात, सामना न होता. म्हनलं, मॅडम, आमी हरलो व्हतो हो! सतरानं! माझ्या छातीवर डाग हाय, दाखवू का? व्हिडिओ हाय, समोरची टीम लिहून द्यायला तयार हाय! मॅडमनी ऐकून घेतलं, लई गोड आवाजात म्हनल्या, "निकालावर अपील करता येतं ना." माझ्या जिवात जीव आला. कुठं करायचं मॅडम? "इथंच. पण अपील फक्त हरलेल्या संघाला करता येतं. तुम्ही तर जिंकलेला आहात."

मी म्हनलं, मॅडम, दोन भरत्या एका मार्कानं गेल्या, तिसरी ही आशी जिंकून गेली, आता माझ्यापेक्षा हरलेला मानूस तुमाला अख्ख्या जिल्ह्यात सापडनार हाय का? मॅडमनी मान हालवली, त्यांनाबी पटलं, आन् म्हनल्या, "मग तसा दाखला आणा."

तवापासून फिरून राहिलो बाप्पा. उत्पन्नाचा तहसीलवाले देतात, रहिवासाचा ग्रामपंचायत देती... हा कोन देतो, तुमच्यातल्या कोनाला ठाव हाय का?