काशीरामच्या पाइपची झडती

सन्माननीय अध्यक्ष आणि आपले पर्सोनेल मॅनेजर सबनीससाहेब, निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी आज जुहूहून मुद्दाम मुलुंडपर्यंत आलेले प्रमुख पाहुणे, आपले माजी वर्क्स मॅनेजर भरूचासाहेब, कामगार कल्याण समितीचे सेक्रेटरी भीमराज, आजचे सत्कारमूर्ती आणि आज निवृत्त होणारे मशीन शॉपचे चार्जहँड काशीराम धोंडू घाडी, त्यांच्या शेजारी पदर सावरून बसलेल्या सौ. वनमाला वहिनी, आणि या कँटीनच्या हॉलमध्ये जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी भिकाजी गवाणकर, गेटवरचा. माझी आणखी ओळख करून द्यायला नको. इथे बसलेल्या प्रत्येकाचा डबा मी कधी ना कधी उघडून पाहिलेला आहे. कुणाच्या घरी सोमवारीसुद्धा बोंबील असतात हेही मला माहीत आहे, पण तो आजचा विषय नाही.

संशय हा माझा पगारी धंदा. वीस वर्षं सुटीच्या भोंग्यानंतर मी तुमच्या पिशव्या आणि खिसे तपासत आलो. माणूस गेटवर मला बघून हसला की मी त्याची पिशवी दोनदा बघतो. आता ही सवय घरीही सुटत नाही. आज इथे आल्यापासून मी बघतोय, टेबलावर चकचकीत कागदात गुंडाळलेला एक लांबट खोका आहे. नारळ आहे, शाल आहे, ते ठीक. पण खोक्याकडे बघून भीमराज तीनदा गालात हसला. त्या खोक्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. त्यावर शेवटी बोलतो.

मंडळी, मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. माणूस पाइप ओढायला का लागतो?

बिडीचं मी समजू शकतो. बिडी कुणीतरी हातात देतं आणि आपण ओढतो. माझ्या हातात पहिली बिडी काशीरामने दिली, अठ्ठावन्न साली, आम्ही दोघं इथे खलाशी, म्हणजे ओझी उचलणारे हेल्पर, म्हणून लागलो त्या आठवड्यात. सिगारेट पोरं कॉलेजात शिकतात. पण पाइप? आपल्यापैकी कुणाचा बाप पाइप ओढत होता? मालवणात, राजापुरात, नाहूरच्या खाडीवर कधी कुणी पाइप ओढताना पाहिलाय? तो ओढायचा साहेबाने. तेव्हा आपल्यातला माणूस पाइप तोंडात धरतो तो हौसेसाठी नव्हे, त्यामागे काहीतरी असणारच, असं माझं मत होतं. मत कसलं, खात्रीच होती.

साल ब्याऐंशी. काशीराम दीड महिन्याच्या रजेवर गावी गेला होता. आई आजारी आहे म्हणाला. परत आला तो वाळून, गालफडं आत गेलेली. आणि तीनच्या चहाला मागच्या शेडमध्ये आला तेव्हा तोंडात पाइप! करड्या लाकडाचा, दांड्याला चांदीचं कडं. मी तो लगेच ओळखला. तो भरूचासाहेबांचा पाइप. साहेब, तुमची वस्तू मी ओळखणार नाही होय? तुमच्या गाडीचीसुद्धा मी झडती घेतलेली आहे.

ते वर्ष कसलं होतं आठवा. गिरण्या बंद. प्रत्येकाच्या घरी एक भाऊ नाहीतर मेहुणा हात बांधून बसलेला. माझ्याकडे दोन होते. अशा वर्षात आपला माणूस साहेबाचा पाइप मिरवतो, याचा अर्थ तुम्ही काय लावला असता?

आता शेडचा रिवाज नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. शॉपमध्ये ठिणगीलाही बंदी, म्हणून ओढायचं ते मागच्या शेडमध्येच. तिथल्या बाकड्यावर एक बिडी पेटली की चार तोंडं फिरून यायची. स्वतःची बिडी एकट्याने संपवणारा माणूस आमच्यात मोजला जात नसे. मी तर काशीरामच्या तोंडातली काढून ओढायचो, विचारायचोही नाही. चोवीस वर्षं आमचं हे असंच चाललेलं. आणि पाइप तर कुणी कुणाला देत नाही. मी हात पुढे केला, "आण रे, बघू कसा लागतो." तो म्हणाला, "हा वाटून ओढायचा नसतो, भिक्या." आणि उठून बाकड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

त्या दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग मी लक्ष ठेवलं. ते माझं कामच होतं, पण खरं सांगतो, तेवढं लक्ष मी कामातही ठेवलं नाही. रोज सकाळी काशीराम पाऊण तास उशिरा यायचा, आणि त्याच्या उशिराच्या चिठ्ठीवर सही कुणाची? भरूचासाहेबांची. महिन्यातून एकदा तो साहेबांच्या केबिनमध्ये जायचा, आणि आत गेला की दार लागायचं. मी शिपायाला विचारलं, आत काय बोलतात? तो म्हणाला, हळू बोलतात. हळू! मशीन शॉपमध्ये जन्म गेलेला माणूस हळू कधी बोलतो?

त्र्याऐंशीत काशीरामला बढती मिळाली, तो चार्जहँड झाला. मग तर सगळंच उघड झालं, निदान मला तसं वाटलं. आणि मंडळी, आपल्या कारखान्यात पाइप ओढण्याचा छंद सुरू झाला तो त्या महिन्यापासून. हसू नका. पाइप ओढला की बढती मिळते अशी बातमी पसरली. पहिला पाइप भीमराजने आणला, घाटकोपरच्या फूटपाथवरून. त्यात त्याने बिड्या उसवून तंबाखू भरली, तिसऱ्या दिवशी जीभ एवढी पोळली की आठवडाभर नुसता दहीभात खात होता. ड्रॉइंग ऑफिसातल्या चंद्रप्रकाशने आणला, त्याच्या आईने तो गॅलरीतून खाली टाकला. आणि लपवून काय उपयोग, तिसरा मी आणला. घरी आरशासमोर तोंडात धरून पाहिला. आमची मंजुळा म्हणाली, "अहो, रंगाचा ब्रश चावताय असं वाटतंय." चंद्रप्रकाशची हौस तिथेच संपली, माझी आरशासमोर, पण भीमराजला छंद लागला तो लागलाच. आज अंधेरीपर्यंत त्याचे पाइपवाले दोस्त आहेत. बढती मात्र अजून मिळालेली नाही. सबनीससाहेबांनी नोंद घ्यावी.

हा हसण्याचा भाग झाला. पुढचा तसा नाही.

त्याच वर्षीच्या वार्षिक सभेत, याच हॉलमध्ये, मी उभा राहिलो. काशीराम अकरा वर्षं कल्याण समितीचा सेक्रेटरी होता. कुणाच्या घरी मयत झालं की पहिला पोचणारा तो. मी म्हणालो, "जो साहेबाच्या केबिनमध्ये दार लावून बसतो आणि साहेबाचाच पाइप तोंडात घालून बाहेर येतो, त्याच्या हातात आपली समिती ठेवायची का?" हात वर झाले. भरपूर झाले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे होते, आत्ता मान खाली घालून काही होत नाही.

काशीराम भांडेल असं मला वाटलं होतं. तो उठला, "सभेची मर्जी" एवढंच म्हणाला, समितीच्या कपाटाची किल्ली खिशातून काढली आणि टेबलावर ठेवली. भांडला नाही म्हणजे पाणी मुरतंय, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. दोन वर्षं त्याच्याबरोबर कुणी डबा खाल्ला नाही. सत्यनारायणाला त्याला बोलावणं नव्हतं. तो मात्र रोज तीनला शेडमध्ये यायचा, बाकड्याच्या टोकाला बसायचा, पाइपच्या वाटीत चिमूटभर तंबाखू दाबायचा, काडी ओढायचा, वाटीवर फिरवायचा आणि म्हणायचा, "वारा फार आहे." धूर कधी दिसायचा नाही. त्यावर आमचं उत्तर तयार होतं: भारी तंबाखूला धूर कमी येतो!

आणि संध्याकाळी गेटवर मी त्याची झडती घ्यायचो. मुद्दाम घ्यायचो. पाइप हातात घ्यायचो, दांडा उपसायचो, वाटीत बोट घालून बघायचो, काही लपवलंय का. काही नसायचं. परत द्यायचो. सात वर्षं, मंडळी. सात वर्षं रोज त्या पाइपच्या वाटीत माझं बोट गेलं, आणि बोटाला एकदाही काजळी लागली नाही. हे माझ्या लक्षात आलं नाही. काहीतरी सापडेल म्हणून शोधायची मला सवय. राख नाही, जळल्याची खूण नाही, धुराचा वाससुद्धा नाही, याचाही संशय घ्यावा हे मला कधी सुचलंच नाही.

हे मला कळलं पंधरा दिवसांपूर्वी. समितीने मला काशीरामच्या घरी पाठवलं, भेट काय द्यावी ते गुपचूप बघून यायला. काशीराम बाजारात गेला होता. वहिनींनी चहा टाकला. मी म्हणालो, "वहिनी, सगळ्यांचं ठरतंय की नवीन पाइप द्यावा. जुना आता जळून गेला असेल."

वहिनी हसल्या. म्हणाल्या, "भावोजी, नवीन कित्याक? जुनो तरी खंय पेटलो!"

मी म्हणालो, म्हणजे? तेव्हा हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. "तो कधी पेटलोच नाय. ब्याऐंशीत ह्यांका क्षय झालो. डॉक्टरान बिडी बंद केल्यान. हे म्हणाले, बिडी सोडलंय तर भिकाजी इचारतलो, छातीत काय आसा? नाय सोडलंय तर माझ्या तोंडातली काढून ओढतलो. तेच्या घराक तीन पोरां."

काशीराम, मघापासून खुणा करतोयस, पण मी खाली बसणार नाही. वहिनींची परवानगी घेतलेली आहे. गोरेगावहून तुझी लेक जानकी आलीय, तिलाही विचारलं. ती म्हणाली, "सांगा काका, सासरी मी कधीच सांगून टाकलंय." तेव्हा तू आज गप्प बस. तू गप्प बसण्यात पटाईत आहेस.

तर तो पाऊण तासाचा उशीर म्हणजे दवाखान्यातलं रोजचं इंजेक्शन. आईचं आजारपण म्हणजे त्याचं स्वतःचं. भरूचासाहेबांना त्याने खरं सांगितलं, कारण रजा हवी होती, आणि जानकीचं लग्न ठरायचं होतं म्हणून शपथ घातली. साहेबांनीच आपला जुना पाइप त्याच्या हातात ठेवला. "हातात हे असलं की कोणी बिडी देणार नाय," असं तुम्ही म्हणालात ना, साहेब? आणि मी केबिनच्या दाराबाहेर शिपायाला विचारत होतो! जानकीचं लग्न झालं, औषध संपलं, तरी पाइप हातातून गेला नाही. वहिनींना मी विचारलं, मग तरी का नाही ठेवून दिला? त्या म्हणाल्या, "ठेवलो असतो तर तुम्ही इचारलां असतां."

आता तुम्ही म्हणाल, एवढं भिण्यासारखं काय होतं? मित्राला सांगायचं. त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे आणि ते देताना मला शरम वाटते. एकोणऐंशी साली आमच्यातल्या धाकू खलाशाने बिडी सोडली होती. मी संशय घेतला, चौकशी केली, त्याला क्षय आहे हे शोधून काढलं. आठ दिवसांत कँटीनमधला धाकूचा पेला वेगळा झाला. त्या पेल्यावर लाल रंगाची रेघ ओढलेली होती. तीन महिन्यांत धाकू नोकरी सोडून गावी गेला. ती रेघ मी ओढली होती. काशीराम तेव्हा माझ्या शेजारी उभा होता.

म्हणून त्याने मला सांगितलं नाही. आजारी म्हणून ओळखलं जाण्यापेक्षा साहेबाचा चमचा म्हणून ओळखलं जाणं त्याला परवडलं. त्याच्या पेल्यावर रेघ आली नाही, पण मी माणसाभोवतीच रेघ ओढली. आणि ज्याच्या पोरांना जपण्यासाठी तो बाकड्याच्या टोकाला जाऊन बसला, त्यानेच सभेत हात वर करायला लावले.

भीमराज, तो खोका उघडू नकोस. त्यात पाइप आहे. तू निवडलास, तूच ठेव, तुला शोभतो. काशीरामला पाइपची हौस कधीच नव्हती.

अध्यक्षमहाराज, वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, आवरतो. समितीने मला बोलायला उभं केलं त्याबद्दल आभार. का उभं केलं याबद्दल मला अजूनही शंका आहे. भरूचासाहेब, तुम्ही दिलेला शब्द सात वर्षं पाळलात, तुमचे आभार मी कोणत्या तोंडाने मानू? वहिनी, त्या दिवशीचा चहा गार झाला, मी न पिताच उठलो, राग मानू नका.

बोलण्याच्या ओघात कमीजास्त झालं असेल ते सभेने पोटात घालावं. पण बोलण्याच्या आधी सात वर्षं जे झालं, ते माफ करणं सभेच्या हातात नाही. ते काशीरामच्या हातात आहे, आणि त्याने इथे चारचौघांत भिडेखातर "जाऊ दे रे" म्हणावं असं मला नको आहे.

काशीराम, आज गेटवर मी नाही. ड्यूटी बदलून घेतली आहे. तुझी पिशवी कुणी उघडणार नाही. कार्यक्रम संपला की मी मागच्या शेडमध्ये बाकड्यावर बसलेला असेन. पंधरा दिवस झाले, मीही बिडी सोडली आहे. ओढायला काही नाही, नुसतं बसायचं आहे. आलास, तर टोकाला बसू नकोस.