सिनेमात वाचलेली मुलगी

दादाजी मास्तरांनी लिहिलेल्या जादूच्या कादंबऱ्यांच्या शेवटच्या भागात नायिका असलेली मुलगी तलावात बुडते. त्यांवरच्या कार्टून सिनेमाने ठरवलं, असं काही घडलंच नाही. लाखांदूरच्या एसटी स्टँडवर मास्तरांच्या शेजारी दोन अनोळखी बाया त्याच सिनेमाबद्दल बोलत होत्या.

"माशानं पाठीवर बसवून आणलं ना वं पोरीले! मी तं टाळ्याच वाजवल्या."

"पुस्तकात मरते, निर्मलाबाई."

"काहून मारली त्यानं?"

"त्याची सोताची पोरगी बुडाली होती म्हणतेत, गावच्या तलावात."

"मंग तं वाचवाचीच होती! कागद त्याचा, शाई त्याची. मेल्याले एक मासा नाही सुचला?"

बस आली, बायांना घेऊन गेली. मास्तर बाकावरच अर्ज लिहीत बसले:

'माननीय निर्माते यांस, चित्रपटात केलेली दुरुस्ती मूळ घटनेसही लागू करण्यात यावी, ही नम्र विनंती.'