चांदणी डाळ खाईल का?

हॅलो?… हां, बोल कमळे… मी नाय गं रडत, तुझे भावजी रडतायत. तबेल्यात हाय आमी, घोडीपाशी.

हो, हो… अगं ऐक ना. चार दिवस झाले, चांदनीच्या तोंडातली गाठ काढली. खालच्या जबड्याचं पुढचं टोकच कापलं, दातांसकट… मग काय करनार? गाठ हाडात शिरलेली.

डॉक्टर ना? रंजिता मॅडम. आपल्या पोरींच्या वयाची असेल. बांगडी काढली नि घातला हात तोंडात… छे, आडवी नाय पाडली. गुंगीचं इंजेक्शन देऊन, उभ्या उभ्या… सगळा वेळ तिच्याशी बोलत होती, "झालं हं बाळा, झालं." मी बघतच राहिले. असं पोर कुनाच्या पोटी येतं गं?

काय?… हां, ते आमचं चुकलंच. प्रत्येक वरातीत वरमाय डाळ भरवायची, ती हिच्या तोंडातून गळायची, लाळ यायची. आमी म्हटलं, दृष्ट लागली. ह्यांनी माझा मिरच्यांचा डबा रिकामा केला ओवाळून… मॅडम रागावली नाय. म्हनाली, मिरच्या ओवाळा, पन तोंड उघडूनपन बघत जा.

रिपोर्ट चांगला हाय. पसरली नाय, पुरी निघाली… खान्याचंच तर टेन्शन हाय. दाढा शाबूत हायत, ओठांनी उचलायला शिकेल म्हनते मॅडम. पन ही तोंडच लावत नाय कशाला. आजपन नळीनं पेज पाजली. स्वतःहून नाय खाल्लं तर… जाऊ दे.

दुसरी घोडी सांगतेस? तुझ्या प्रितेशच्या वरातीला?… जीभ जरा बाहेर दिसते म्हनून?… सांग बाई. लग्न तुझ्या घरचं.

थांब… बोलू नको. मॅडम खाली बसली, तळहातावर भिजवलेली डाळ घेतली… चांदनी वास घेते… ओठ हलवले… सांडली गं… परत धरली मॅडमनी… परत…

कमळे, फोन तिच्या तोंडाजवळ नेते. ऐक…

ऐकलंस? दाढा चालतायत… आता तू का रडतेस?… चांदनीच? नक्की? मग त्या दुसऱ्या घोडीवाल्याला नाय म्हनून सांग. मॅडमना विचारते कधी चालेल. नायतर पाठीवर नवरदेव नको, पुढं नुसती चालेल नटून… पन डाळ वरमायनंच भरवायची, तुझ्या हातानं. जरा जास्त भिजव…

अगं चांदने… ए, तो फोन हाय, डाळ नाय, सोड—